पहिला बेस घेताय? मग आधी अँपचं बोलू

दुकानात आणि व्हॉट्सअपवर रोज कोणी ना कोणी तेच विचारतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. काउंटरवर हा कागद ठेवलेला असतो, हवा तर घरी घेऊन जा, पण विकत घ्यायच्या आधी वाचा एवढीच विनंती आहे.

बेसला, म्हणजे बेस गिटारला, चार तारा असतात, ई-ए-डी-जी, आणि तो गिटारपेक्षा एक सप्तक खाली वाजतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. "आधी गिटार शिकू का, मग बेस?" असंही बरेच जण विचारतात. गरज नाही. बेसच शिकायचा असेल तर पहिल्या दिवसापासून बेसच घ्या.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "घरी गिटारचा अँप (आवाज मोठा करणारं स्पीकरचं खोकं) आहे, तो चालेल ना?" याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण आमच्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे छोटे अँप याच कारणाने येतात.

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ८२ कंपनं होतात, बेसच्या जाड तारेची ४१. आता निम्म्या कंपनांचा सूर तेवढ्याच जोरात ऐकवायचा तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याला, दुप्पट नाही, चौपट पुढेमागे व्हावं लागतं. गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेलाच नसतो, त्याचा कोन हलका, कडेची घडी ताठ, कोन हलवणाऱ्या कॉइलला (तारेच्या गुंडाळीला) हलायला जागा जेमतेम मिलिमीटरभर, आणि बऱ्याच गिटार अँपचं खोकं मागून उघडं असतं त्यामुळे कोनला मागून हवेचा आधार पण मिळत नाही. त्यात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. मग होतं काय, की मुलगा बेस लावतो, आवाज बारीक वाटतो, तो व्हॉल्यूम वाढवतो, तरी भरीव वाटत नाही म्हणून अँपवरचं बेसचं, म्हणजे खर्ज वाढवायचं, बटण पूर्ण फिरवतो, आणि तिथेच स्पीकरचा जीव जातो.

मागच्या वर्षी कर्वेनगरचा एक मुलगा शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर पायाशी अँप ठेवून आला. अँप दादाचा, गिटारचा, १० वॉटचा. रविवारी कॉलेजच्या ग्रुपची तालीम आणि अँप फक्त फर्र्र करतोय. मी पुढची जाळी काढली, दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून अगदी हळू आत दाबलं, आतून काचकागद घासल्यासारखा खर्र आवाज आला. म्हणजे कॉइल जागेवरून सरकून चुंबकाला घासतेय. कडेला बोटाच्या पेराएवढी चीरही होती. तीन आठवडे त्याने त्यावर बेस वाजवला होता. त्या मापाचा स्पीकर मिळून बसवेपर्यंत आठ दिवस गेले, त्याची तालीम बुडाली, दादा चिडला ते वेगळंच. खर्च झाला त्यात अजून थोडे घातले असते तर बेसचा स्वतःचा छोटा अँप आला असता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलगा मन लावून वाजवणारा होता आणि बेस घेताना त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. गिटार अँपवर बेस अगदी हळू, शेजारच्या खोलीत जाणार नाही इतक्या आवाजात, बेसचं बटण मध्यावर ठेवून महिनाभर वाजवलात तर बहुतेक वेळा काही होत नाही. कोन फडफडल्यासारखा आवाज आला की त्याच क्षणी व्हॉल्यूम खाली आणा. पण त्याच्यावर तालीम नाही, ड्रमसोबत तर नाहीच नाही. उलटं चालतं बरं का, बेसच्या अँपवर गिटार लावली तर काही बिघडत नाही, आवाज जरा साधा येतो इतकंच. म्हणजे घरात दोघं भावंडं असतील आणि एकच अँप घ्यायचा असेल तर बेसचा घ्या. कीबोर्डचा अँपही बऱ्यापैकी चालतो. होम थिएटरमध्ये थेट बेस लावू नका, त्याच्या इनपुटला बेसचा सिग्नल जुळत नाही, आवाज दबका येतो आणि तारेला जोरात फटका बसला की धक्का सरळ स्पीकरवर. आणि ब्लूटूथ स्पीकर तर शिकायला अजिबात नको, बोट आत्ता पडतं आणि सूर मागाहून येतो, ताल कसा बसणार.

पैशांचं गणितही इथूनच सुरू होतं. बहुतेक जण सगळं बजेट बेसवर लावतात, दिसायला तोच असतो ना, आणि अँपला उरलंसुरलं. मी सांगतो की रुपयातले दहा आणे बेसला, पाच आणे अँपला आणि एक आणा केबल, पट्टा आणि ट्यूनरला (तारा सुरात लावायच्या यंत्राला). पट्टा रुंदच घ्या, साधारण चार किलोचं वजन खांद्यावर तासभर असणार आहे, दोन बोटांची पट्टी खांद्यात रुततेच. केबलही अगदी स्वस्तातली नको, महिन्याभरात खरखरायला लागते आणि मग "बेसमध्ये प्रॉब्लेम आहे" म्हणून लोक इतक्या लांबून येतात.

अँप किती वॉटचा? घरी शिकायला १५ ते २५ वॉट, ८ इंची स्पीकर, पुरेसं आहे. फेंडरचा रंबल २५ किंवा ऑरेंजचा क्रश बेस २५ या जातीचे अँप आम्ही पहिल्यांदा दाखवतो, दोन्हीत हेडफोनची सोय आहे, मोबाईलवरून गाणं लावून सोबत वाजवता येतं, क्रशमध्ये ट्यूनर आतच असतो. खरं सांगायचं तर ८ इंचात ४१ कंपनांचा मूळ सूर पूर्ण येत नाही, आपल्याला त्याच्या वरचा ८२ चा आणि त्यावरचे स्वर ऐकू येतात आणि बाकीचं कान भरून काढतो, शिकायला तेवढं चालतं. थोडे जास्त पैसे असतील तर १० इंची घ्या, फरक लगेच कळतो. पण ड्रमसोबत वाजवायचं असेल तर १०० वॉटच्या खाली येऊच नका, खर्जाला वीज फार लागते आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज कानाला थोडासाच वाढलेला वाटतो. फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या, तालमी सुरू झाल्या की दर वर्षी चारपाच जण २५ वॉटवाला घेऊन हॉलमध्ये जातात आणि रडवेले होऊन परत येतात. तेवढ्यापुरता मोठा अँप आम्ही भाड्याने देतो, विकत घेऊच नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. ढोलपथक दोन गल्ल्या पलीकडे असलं की ताशा विरतो पण ढोल घरात पोचतो, तसंच बेसचं आहे, भिंत आणि स्लॅब त्याला फारसं अडवत नाहीत. अँप कोपऱ्यात ठेवला की आवाज अजून घुमतो. त्यामुळे जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. तुम्हाला जास्त स्पष्ट ऐकू येईल आणि खालच्या काकूंना कमी. हॉस्टेल किंवा पीजीत असाल तर अँप घेऊच नका, व्हॉक्सचा अँपलग नावाचा काडेपेटीपेक्षा जरा मोठा हेडफोन अँप येतो, त्यातला बेसवाला मागा. तो विकून आम्हाला फार काही सुटत नाही, पण तुम्हाला तोच बरोबर आहे.

पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत राहत असाल तर अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) जी वाजवला तर तो ४९ हर्ट्झ. म्हणजे विजेची गुणगुण बरोब्बर बेसच्या पट्टीत येऊन बसते आणि सारखं वाटत राहतं की कोणीतरी शेजारी बेसुरा जी धरून बसलंय. अशा वेळी काही जण अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. हे कृपा करून कधीही करू नका, धातूच्या तारांवर तुमचा हात असतो, जिवावर बेतू शकतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि याचाच संबंध बेस कुठला घ्यायचा याच्याशी आहे. दुकानात "पी" आणि "जे" हे शब्द ऐकाल. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, तो पी. नाव प्रिसिजन कारण फ्रेट आल्यामुळे सूर नेमका लागायला लागला, त्याआधी उभ्या मोठ्या डबल बेसवर ते सगळं बोटाच्या अंदाजाने. १९६० मध्ये जॅझ बेस आला, तो जे. पी ला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) असतो, एक तुकडा दुसऱ्याची गुणगुण मारतो, म्हणून जुन्या वायरिंगच्या घरात पी शांत राहतो. जे च्या दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की तोही शांत, पण एक कमी केला की गुणगुण सुरू. जे चा नेक (दांडा) सुरुवातीला अरुंद असतो, लहान हाताला बरा पडतो. दोन्हींचे पिकअप एकत्र असलेले पीजे पण येतात, स्क्वायर, कोर्ट, यामाहा, आयबानेझ, कुठलाही नीट सेटअप केलेला (नेक आणि तारांची उंची जुळवून दिलेला) घ्या, पहिल्या दोनतीन वर्षांत हातातल्या कामाचा फरक ब्रँडपेक्षा कितीतरी जास्त पडतो.

हात पोचेल का? नेहमीच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच, त्यावर पहिल्या चार फ्रेटचं अंतर जवळजवळ १८ सेंटिमीटर होतं. ३० इंची शॉर्ट स्केलवर तेच १६ च्या आत येतं. ऐकायला दोन सेंटिमीटर, पण बारा वर्षांच्या मुलीची करंगळी पोचते की नाही ते तिथेच ठरतं. म्हणून वाजवणाऱ्याला सोबत आणा, सरप्राइज गिफ्ट म्हणून बेस घेऊ नका. मोठ्या माणसांना ३४ इंची बहुतेक दोन आठवड्यांत सरावतो.

पाच तारांचा आत्ता नको. खालची बी ३१ कंपनांवर जाते, तुमच्या ८ इंची अँपला ती झेपतच नाही. आणि ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत स्वतःचं सर्किट असलेला, घेतलात तर त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, केबल लावलेली असली की ती चालू, वाजवा नाहीतर नका वाजवू. रात्रभर केबल तशीच ठेवायची, काही आठवड्यांनी आवाज फाटायला लागला की दुकानात फोन. वाजवून झालं की केबल काढायची, एवढंच.

आता एक तक्रार आमच्याबद्दलची. "सीलपॅक द्या, हा उघडलेला आहे." आम्ही सीलपॅक बेस देत नाही, कोणालाच नाही. इंडोनेशिया नाहीतर चीनमधून जहाजाने इतका प्रवास करून आलेला नेक कुठल्याही कंपनीचा असो, थोडा हललेला असतो. बॉक्स उघडून आम्ही बेस दोन दिवस दुकानात ठेवतो, तारा सुरात लावून त्याला इथल्या हवेत बसू देतो, मग नेकच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई पाव-पाव फेरा फिरवून नेक सरळ करतो, बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर घासतो. ऑनलाइन सीलपॅक मिळतो आणि कधीकधी हजार-पाचशे स्वस्तही, मान्य आहे. पण तारा चार मिलिमीटरवर असलेला बेस घेऊन नवशिक्या बसला की आठवड्यात बोटं सोलतात आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. असे किती बेस कपाटावर जाऊन पडले असतील. बाहेरून घेतलेला बेसही आणा, सेटअपचे पैसे घेतो, पण तो परत वाजायला लागेल याची काळजीही घेतो.

आमच्याकडून घेतलेल्या बेसला पहिल्या वर्षी दोन सेटअप फुकट. एक जुलैच्या शेवटी, कारण पावसात लाकूड ओल धरतं, नेक पुढे वाकतो आणि तारा उंच होतात. दुसरा एप्रिलमध्ये, कोरड्या उन्हात तो मागे जातो आणि खालच्या फ्रेटवर तारा खरखरायला लागतात. लोक हे विसरतात म्हणून आम्हीच मेसेज करतो.

येताना घरचा गिटार अँप असेल तर सोबत घेऊन या, चांगला असला तर बदल्यात घेऊ. स्टुलावर बसून, घरी वाजवाल तेवढ्याच आवाजात, प्रत्येक अँपवर मोकळी ई सावकाश वाजवून बघा, घाई करणारं इथे कोणी नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी सकाळी आलात तर निवांत बोलता येतं. गल्लीत पार्किंग सम-विषम आहे, तारीख बघून गाडी लावा. अँप घेऊन येणार असाल तर रिक्षा दारापर्यंत येते, हाक मारा, उतरवायला आतून कोणीतरी येईल.