पावती कुणाच्या नावाची?

२ ऑक्टोबर २००९ रोजी गोव्यातल्या काणकोणात प्रचंड पाऊस कोसळला आणि तळपण, गालजीबाग या नद्यांचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. त्या काळी मदत गोळा करायची म्हणजे टेम्पो भरायचा. तांदूळ, चादरी, भांडी आणि हमखास जुन्या कपड्यांची गाठोडी. (चिखल उपसणाऱ्या माणसाला लग्नातली जरीची साडी पाठवणारेही असतात.) पुढे २३ जुलै २०२१ रोजी म्हादई आणि खांडेपार नद्यांनी सत्तरी, डिचोली, धारबांदोड्यात घरं पाडली. १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत तेव्हा म्हणाले होते. दरम्यान २०१६ साली यूपीआय आलं होतं. त्यामुळे आता टेम्पोची वाट न पाहता फोनवर आलेल्या एका क्यूआर चौकोनावर कॅमेरा धरला की पैसे गेले. कुणाकडे गेले, हा प्रश्न तिथूनच अवघड झाला.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वी वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. देवळात पावणी म्हणजे लिलाव होई, नारळाच्या किंवा केळीच्या घडाच्या बोलीचे पैसे देवस्थानच्या वहीत चढत आणि हिशेबात गफलत झाली तर सभेत आवाज चढे. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, या कारभाराला पोर्तुगीज सरकारने १८८६ साली कायद्याच्या चौकटीत बसवलं. म्हणजे हिशेब दाखवण्याची सक्ती आपल्याला नवी नाही. पलीकडे ख्रिस्ती समाजात सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया ही संस्था होती. १४९८ मध्ये लिस्बनला सुरू झालेल्या या धर्मादाय बंधुमंडळाची शाखा सोळाव्या शतकातच गोव्यात आली. रुग्ण, विधवा, अनाथ यांच्यासाठी ती पैसे उभे करी आणि पुढच्या काळात तिच्या नावाची लॉटरीही निघत असे. दोन्हीकडे पैसे घेणारा माणूस डोळ्यांसमोरचा होता.

गावाबाहेरच्या संकटाला ही पद्धत पुरी पडत नाही. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी उभा राहिला. गोवा मुक्त झाल्यावर आपणही त्या व्यवस्थेत आलो. १९९३ च्या लातूर भूकंपाच्या वेळी किंवा २००१ च्या भुजच्या वेळी पैसे द्यायचे तर अनोळखी संस्थेच्या नावाने चेक किंवा ड्राफ्ट काढावा लागे. तिथे ओळखीची जागा पावतीने घेतली.

पावतीचं वजन वाढवलं ते प्राप्तिकर खात्याने. ८०जी कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशांवर करसवलत मिळू लागली. आता नियम आणखी कडक आहेत. रोख दिलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेला सवलत नाही. तांदूळ-कपड्यांना तर कधीच नव्हती. अलीकडे मान्यताप्राप्त संस्थेला देणगीदारांचा तपशील खात्याकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. हाताने लिहिलेली पावती फाडून देणारा आणि 'एटी-जी मिळेल हो' असं तोंडी सांगणारा माणूस दिसला की मी संस्थेचा नोंदणी क्रमांक मागतो आणि तो प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पडताळतो. मागितल्यावर रागावणाऱ्याला मी पैसे देत नाही.

गोव्यात आणखी एक गुंता आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. आखातात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत मदत पाठवतो, ती विदेशी देणगी ठरत नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेल्या बहिणीचे पैसे विदेशी देणगी ठरतात, मग ती मूळची गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातली का असेना. विदेशी देणग्यांचा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ साली झाला, दुसरा २०१० साली. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. गावच्या क्लबने किंवा मंडळाने पूरग्रस्तांसाठी आपल्या साध्या खात्याचा क्रमांक परदेशातल्या सगळ्या गोंयकारांच्या ग्रुपवर टाकला, की हेतू चांगला असूनही कायदा मोडू शकतो.

फसवणाऱ्यांना अर्थातच एवढी मेहनत लागत नाही. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच खऱ्या यूपीआय पत्त्यातला एक 'एस' गाळून बनवलेला खोटा पत्ता फिरू लागला. दिल्ली पोलिसांपर्यंत तक्रार गेली, तो बंद झाला. एका अक्षराची ती चूक घाईत कुणाच्याही नजरेतून सुटली असती. म्हणून क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचायचं. संस्थेचं नाव सांगितलं आणि पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं, तर तिथेच थांबायचं. मुख्यमंत्री मदत निधीचे तपशील व्हॉट्सॲपवरून न उचलता सरकारी संकेतस्थळावरून घ्यायचे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तासाभरात फोन करायचा, कारण एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात रक्कम सरकायच्या आत बँकेला ती अडवता येते.