अप्रमाद

अप्रमाद (पाली : अप्पमाद) हा बौद्ध आचारातील पायाभूत गुण आहे. आपण काय करतो, काय बोलतो आणि मनात कशाला थारा देतो, याविषयीची अखंड दक्षता म्हणजे अप्रमाद. स्मृती (सति), म्हणजे चालू क्षणाचे भान, ही त्याची जोडीदार. मनात राग उठला हे स्मृतीमुळे कळते. तो जिभेवर येऊ न देणे हे अप्रमादाचे काम. म्हणून बऱ्यावाइटाचा विवेक सोडून नुसते पाहत राहणे ही बौद्ध साधना नव्हे.

हे सारे मांडी घालून केलेल्या ध्यानापुरतेच आहे, हा समजही सुत्तांपुढे (बुद्धोपदेशांच्या पाली पाठांपुढे) टिकत नाही. सतिपट्ठान सुत्तातील कायानुपश्यनेत, म्हणजे शरीराच्या निरीक्षणात, श्वासाबरोबरच चालणे, वळून पाहणे, हातपाय आखडणे-पसरणे, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे आणि गप्प राहणे हेही येते. अंबलट्ठिका येथे आपला पुत्र राहुल याला केलेल्या उपदेशात बुद्धांनी कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासायला सांगितले : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का? झालेली चूक जाणत्यांपुढे उघड करून पुढे संयम पाळायचा. दिवसभराच्या व्यवहारात वापरता येईल अशी इतकी नेमकी कसोटी क्वचितच सापडते.

गृहस्थांसाठी कोसलनरेश प्रसेनजिताची कथा बोलकी आहे. द्रोणभर (द्रोण हे धान्याचे मोठे माप) भात खाऊन धापा टाकत आलेल्या राजाला बुद्धांनी मिताहाराची एक गाथा ऐकवली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोजच्या जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी त्याला शंभर कार्षापण (त्या काळची नाणी) ठरवून दिले. हळूहळू आहार नाळीभर (नाळी हे लहान माप) भातावर आला, अंग हलके झाले. राजाने नुसत्या निर्धारावर न विसंबता आठवणीची सोय केली, हे इथे विशेष. आजचे उपासकही रोजच्या कामांना अशाच खुणा जोडतात.

सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तसे सर्व कुशल धर्म (चांगले गुण) अप्रमादात सामावतात, असे बुद्धवचन आहे. धम्मपदाचा दुसरा वर्ग याच विषयावर आहे. ‘अप्पमादेन सम्पादेथ’ (अप्रमादाने ध्येय साधा) हे तथागतांचे, म्हणजे बुद्धांचे, अखेरचे शब्द मानले जातात. पंचशीलातील पाचवे शील मद्यपान वर्ज्य करते, त्याचे कारणही शीलाच्या पाठातच दिले आहे : मद्य हे प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान आहे.