हत्यारांशिवाय जोडायचे शयनगृहातील फर्निचर

पलंग, कपाट, उशालगतचे टेबल इत्यादी वस्तू सुट्या भागांत आणून पेचकस, ड्रिल किंवा ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) न वापरता केवळ हातांनी उभ्या करता याव्यात, अशी रचना. येथे तिचा विचार नाशिक परिसराच्या संदर्भातही केला आहे. तीत खिळे व गोंद नसतात. भाग खाच, पाचर, हुक किंवा दाबून बसणारी पट्टी यांच्या आधारे एकमेकांत अडकतात. सपाट खोक्यातून येणारे सर्वच फर्निचर या वर्गात बसत नाही. मिनीफिक्स या नावाने सुतारांना परिचित असलेल्या फिरत्या कॅमच्या (फिरवून आवळायच्या चकतीच्या) जोडणीला पेचकस लागतोच, म्हणून ती येथे वगळली आहे.

उगम : सुटे करता येणाऱ्या फर्निचरचा आरंभ कोणी केला याविषयी एकमत नाही. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटची 1859 ची ‘क्रमांक 14’ खुर्ची बहुधा पहिली म्हणून सांगितली जाते. अशा 36 खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत मावत. परंतु ती स्क्रू व नट यांनी जोडली जाई. स्वीडिश अभ्यासक 1940 च्या दशकातील रचनाकार एलियास स्वेडबर्गच्या ‘त्रिवा’ या सुट्या फर्निचरच्या मालिकेकडे बोट दाखवतात, तर आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या इतिहासात गिलिस लुंडग्रेनने 1956 च्या सुमारास टेबलाचे पाय वेगळे करून ते मोटारीत बसवल्याची कथा मानाची आहे. कथा लोकप्रिय असली तरी ती वाहतुकीची आहे, जोडणीची नव्हे. अमेरिकेत ओहायोतील एरी सॉडरने 1950 च्या दशकाच्या प्रारंभी काढलेले, भाग दाबून जोडण्याचे टेबल या दृष्टीने अधिक जवळचे ठरते.

तथापि हत्यारविरहित जोडणी हाच निकष धरल्यास प्रश्न बराच मागे जातो. इजिप्तमधील हेतेफेरेस राणीच्या (इ. स. पू. सु. 2600) दफनात शय्येवरील छत्राचा सुटा होणारा सांगाडा मिळाला असून तूतांखामेनच्या थडग्यात तीन घड्यांचा प्रवासी पलंग आहे. पैकी दुसरा बिजागऱ्यांवर घडी होणारा असल्याने त्याला या वर्गाचा पूर्वज म्हणणे काहीसे ओढाताणीचे होते. भारतापुरते पाहता रूरकी येथील लष्करी अभियंत्यांच्या परंपरेतून आलेली रूरकी खुर्ची अधिक बोलका पुरावा देते. तिच्यासाठी 1898 हे साल वारंवार दिले जाते. एकोणिसाव्या शतकाची अखेर म्हणणे सुरक्षित. तिच्या गोल पायांत निमुळती छिद्रे असतात, आडव्या दांड्यांची टोकेही तशीच निमुळती असतात आणि कॅनव्हास वा चामड्याच्या पट्ट्यांनी सांगाडा ताणला जातो. माणूस बसला की सांधे आणखी घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट याची 1933 ची सफारी खुर्ची हिच्यावरूनच घडली. प्रस्तुत वर्गाचे मूळ कारखान्यात शोधण्यापेक्षा अशा छावणीच्या सामानात शोधणे जास्त सयुक्तिक वाटते.

नाशिक परिसराचा संबंध येथेच येतो. नाशिकजवळील देवळालीची छावणी 1861 च्या सुमारास मायदेशी परतणाऱ्या व नव्याने येणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचा तळ म्हणून उभी राहिली. तेथे घडीचे व सुटे होणारे सामान वापरात असणे साहजिक होते. मात्र स्थानिक सुतारांनी त्याची नक्कल किती केली, हे अनुमानावरच ठेवावे लागते. याहून जुने असे नाशिकचे शयनगृहातील सामान म्हणजे पांडवलेण्यांतील भिक्षूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे, आणि ते अर्थातच कोणालाही हलवता येत नाहीत. लेणे क्र. 3 च्या ओसरीखाली यक्ष खांद्यांवर तुळया पेलताना कोरले आहेत. ही लाकडी बांधणीची प्रतिकृती असल्याचे सर्वमान्य आहे. पण दगडातल्या तुळईवरून आतला सांधा पाचरीचा होता की खिळ्याचा, हे ठरवता येत नाही, आणि काही लोकप्रिय लेखनात तसे ठरवले जाते ते ग्राह्य धरू नये. पंचवटी व जुन्या नाशकातील वाड्यांचे सागवानी खांब, तुळया व कडीपाट मात्र कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि खाच यांच्या जोडणीची जिवंत उदाहरणे होती.

रचनातत्त्वे : सर्वांत महत्त्वाचे तत्त्व हे की, वापरातील भारानेच सांधा आवळला गेला पाहिजे. पलंगाच्या बाजूच्या पाटीला खाली वळलेले हुक असलेली लोखंडी पट्टी बसवतात व डोक्याकडील फळीत तशाच खाचा ठेवतात. हुक किंचित निमुळता असेल तर गादी आणि माणसे यांच्या वजनाने पाटी खाली ओढली जाऊन फळीला चिकटते. सैल हुक मात्र पहिल्या महिन्यातच कुरकुरू लागतो. पाचरीच्या सांध्यात लाकडावर लाकडाचे घर्षण पुरेसे असल्याने सुमारे 1:8 उताराची पाचर आपोआप सुटत नाही. उतार वाढवला तर ती हादऱ्यांनी वर सरकते.

कपाटाचा प्रश्न निराळा आहे. चौकट बाजूने ढकलली की तिचा समांतरभुज चौकोन होऊ पाहतो, आणि हे कोपऱ्यातील सांध्यांनी नव्हे तर पाठीच्या फळीने रोखले जाते. म्हणून पाठीची फळी चारही कडांच्या खाचेत घट्ट सरकेल अशी करतात. स्वीडनच्या व्हेलिंगे कंपनीने फरशीच्या पट्ट्यांसाठी विकसित केलेली, लवचिक प्लास्टिक जिभेने खटकन बसणारी जोडणी पुढे कपाटांनाही लावली. आयकियाने 2010 च्या दशकात कंगोरेदार लाकडी खुंटीचा वापर सुरू केला. दोन्हींना कारखान्यातील अचूक कापणी लागते; दशांश मिलिमीटरचा फरकही जाणवतो. हातकरवतीवर ते साधत नाही, संगणकनियंत्रित राउटर (खाचा कोरणारे यंत्र) हवा.

येथे हवामान आडवे येते. नाशिकचा उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. जुलैमध्ये दारे अडकतात हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत फुगते. त्यामुळे मे महिन्यात नेमकी बसणारी लाकडी जीभ पावसात निघत नाही. सागवान यात बरेच स्थिर, प्लाय त्याहून. पार्टिकल बोर्डाची कड एकदा पाणी प्यायली की पुन्हा जागेवर येत नाही आणि खाचेचा काठ तुटतो.

जोडणाऱ्याची चूक होऊच नये अशी रचना, म्हणजे डावी पाटी उजवीकडे बसणारच नाही असे आकार, हे तत्त्व नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत ‘पोका-योके’ या जपानी नावाने परिचित आहे. सूचनापत्र वाचावे लागले तर रचना तितक्या प्रमाणात अपुरी समजावी.

वापर : बदलीची नोकरी, भाड्याचे घर आणि अरुंद जिना असे जेथे एकत्र येते तेथे उपयोग अधिक. औद्योगिक वसाहतींमुळे पाथर्डी फाटा व इंदिरानगर भागात, तसेच लष्करी बदल्यांमुळे देवळाली परिसरात ही गरज आहे. येथे पसंतीचा पलंग मात्र गाद्या-रजया ठेवायच्या पेटीचा, प्लाय व सनमाईकाचा. 78 × 72 इंची पेटी पाचरींवर उभी करणे अवघड जाते. डोक्याकडील फळी दोन भागांत केल्यास ती लहान लिफ्टमध्ये तिरकी करावी लागत नाही.

मर्यादा : उंच कपाट भिंतीला बांधणे हत्याराशिवाय होत नाही. ड्रॉवरची कपाटे मुलांवर कोसळल्याने 2016 मध्ये अमेरिकेत आयकियाला सुमारे 2.9 कोटी नग परत मागवावे लागले. भिंतीत छिद्र नको म्हणणाऱ्या घरमालकाच्या खोलीत ठेंगणे, रुंद बुडाचे कपाटच घ्यावे.