मशीन मोकळं दिसतंय, मग काम उद्याच का चढत नाही?

आठवड्यातून तीन-चार फोन याच प्रश्नाचे येतात: "बुकिंगच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर तुमचं व्हीएमसी मशीन उद्या मोकळं दिसतंय, मग परवाची तारीख का देता?" फोनवर प्रत्येकाला नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं शॉप कुपवाड एमआयडीसीत आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ. नेहमीच्या कामातून उरणारे मशीनचे तास आम्ही बुकिंगसाठी त्या प्लॅटफॉर्मवर टाकतो. म्हणजे तुमचा जॉब ज्या मशीनवर चढतो, त्याच मशीनवर मिरजेच्या एका पंपवाल्यांचे फ्लँज दर आठवड्याला होतात. तुमचं काम लांबलं की त्यांचा दिवस हुकतो, आमच्या ऑपरेटरला रात्री थांबावं लागतं आणि प्लॅटफॉर्मवर उशिराची नोंद आमच्या नावावर पडते. म्हणून ड्रॉइंग आणि मटेरियल दोन्ही हातात आल्याशिवाय आम्ही तारीख पक्की करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती एकच चूक. प्लॅटफॉर्मवर नुसती स्टेप फाइल (भागाचं थ्रीडी मॉडेल) टाकायची आणि टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालेल याचं, ड्रॉइंग मागाहून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. फाइलमध्ये बहुतेक वेळा फक्त माप असतं. टॉलरन्स दिलेला नसेल तर आम्ही आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग धरतो. त्यात ५२ मिमीच्या बोअरला (गोल भोकाला) अधिक-उणे ०.३ मिमी चालतं. पण तोच बोअर ६२०५ बेअरिंगसाठी (बाहेरचा व्यास ५२ मिमी) असेल आणि एच७ हा काटेकोर टॉलरन्स हवा असेल, तर तो ५२.००० ते ५२.०३० मध्येच बसायला हवा. कुठे सहाशे मायक्रॉन (०.६ मिमी), कुठे तीस! टूल बदलतं, वेळ बदलतो, दरही बदलतो.

गेल्या पावसाळ्यात हेच झालं. बारा हाउसिंगचं (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागांचं) काम होतं. आठ बोअर फाइलप्रमाणे झाले, ५२.१ च्या आसपास. दुपारी मोबाइलवर ड्रॉइंग आलं, त्यावर एच७. बेअरिंग हाताने सोडून पाहिलं तर सरळ तळाला गेलं आणि खुळखुळायला लागलं. ग्राहकाची आठ कास्टिंग भंगारात गेली. पंपवाल्यांचं काम रात्री उरकावं लागलं, त्याचा ओव्हरटाइम दुप्पट दराने दिला. आठ नगांची मजुरी आम्ही निम्मीच लावली, कारण ५२ चा बोअर पाहून आम्हीही विचारायला हवं होतं. तेव्हापासून बेअरिंगचं माप दिसलं की आधी फोन करतो.

स्लॉट घेतल्यावर ड्रॉइंग बदललं तर नवं रिव्हिजन प्लॅटफॉर्मवरच टाका. दर नव्याने निघेल, तारीखही. काहींना हा दर वाढवायचा बहाणा वाटतो. पण बुकिंगआधी ड्रॉइंग पाठवलंत तर कुठला टॉलरन्स सैल करता येईल ते आम्ही मोफत सांगतो, आणि त्यात दर बऱ्याचदा कमीच होतो.

"पुढचं काम थेट घ्या, कमिशन वाचेल," असंही ग्राहक म्हणतात. प्लॅटफॉर्मवरून आलेलं काम आम्ही बाहेर वळवत नाही. माल तपासेपर्यंत तुमचे पैसे तिथे राहतात, आणि वाद झाला तर तिथली फाइल दोघांचाही पुरावा असते.

मटेरियल डिलिव्हरी चलनासहितच पाठवा. पहिला नग झाला की बोअर गेजच्या रीडिंगचा फोटो आम्ही प्लॅटफॉर्मवर टाकतो. तासाभरात होकार कळवा; तोवर सेटिंग तसंच ठेवून ऑपरेटर मशीनपाशी उभा असतो.