कोरड्या श्वानखाद्याची घटकसूची

कारखान्यात बनणाऱ्या कोरड्या श्वानखाद्याच्या पाकिटावर, बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली जिनसांची यादी. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता यायला हवी. माणूस सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री वरणभात खातो. एका पदार्थातली उणीव दुसरा भरून काढतो. पाकिटावर वाढणारा कुत्रा महिनोन्महिने एकच खाद्य खातो. त्यात जे नाही ते त्याला दुसरीकडून मिळत नाही, आणि त्यात जे जास्त आहे ते त्याच्या शरीरात रोज जाते.

जेम्स स्प्रॅट या अमेरिकी उद्योजकाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, तिथून या धंद्याची सुरुवात धरतात. आजचे फुगीर दाणे विसाव्या शतकाच्या मध्याला आले. पुरीना कंपनीचे ‘डॉग चाऊ’ १९५७ साली बाजारात उतरले. पीठ, मांस आणि पाणी यांचा लगदा वाफेवर दाबाखाली शिजवून छिद्रांतून बाहेर ढकलतात. बाहेर पडताच तो मक्याच्या कुरकुऱ्यांसारखा फुगतो. मग दाणे कापून वाळवतात आणि त्यांवर चरबी व चवीचे द्रावण फवारतात. दाणा फुगायला आणि एकसंध राहायला पिष्ट लागते. त्यामुळे ‘धान्यविरहित’ असे ठळक छापलेल्या पाकिटातही बटाटा, वाटाणा, मसूर यांपैकी काहीतरी असतेच.

यादीतला क्रम वजनाचा असतो, तोही घटक मिश्रणात घालतानाच्या, म्हणजे शिजवण्यापूर्वीच्या वजनाचा. वाचणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. समजा, १०० किलो मिश्रणात २५ किलो ताजे चिकन, २० किलो मका, १८ किलो तांदूळ आणि १५ किलो चिकन मील आहे. यादीत पहिले नाव चिकनचे येईल आणि पाकिटावर कोंबडीचे चित्रही झळकेल. पण ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असते. वाळल्यावर त्या २५ किलोंचे साडेसात किलोच उरतात आणि त्यांतून मिळणारी प्रथिने साडेचार किलोंच्या आसपास असतात. यादीत चौथे असलेले चिकन मील आधीच शिजवून, चरबी काढून, वाळवून दळलेले असते. त्यात प्रथिने सुमारे ६५ टक्के, म्हणजे या मिश्रणात जवळजवळ पावणेदहा किलो. कुत्र्याला मिळणाऱ्या मांसाच्या प्रथिनांचा मोठा भार हे चौथे नाव उचलते.

दुसरी खुबी म्हणजे एकाच धान्याचे तुकडे पाडणे. मका, मक्याचे ग्लुटेन आणि मक्याचा कोंडा अशी तीन नावे वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि मांस वर सरकते. तिन्हींची बेरीज केली तर पहिला क्रमांक मक्याचा निघू शकतो. ‘धान्यविरहित’ खाद्यात हाच प्रकार वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन आणि वाटाण्याचे तंतू यांच्या बाबतीत दिसतो. यादीत मीठ कुठे आहे तेही पाहावे. ते सहसा एक टक्क्याच्या आत असते, म्हणून त्याच्या खाली आलेली ब्लूबेरी, पालक, हळद यांसारखी आकर्षक नावे त्याहूनही कमी असतात. ती वाचून जास्त पैसे मोजू नयेत.

‘मील’ आणि ‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दांची भीती मात्र अनाठायी आहे. बाय-प्रॉडक्ट म्हणजे मुख्यतः काळीज, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड. अमेरिकी व्याख्येत केस, शिंगे, दात आणि खूर त्यातून वगळले आहेत. काळीज-वजडी आवडीने खाणाऱ्या मराठी घरांनी यावर नाक मुरडायचे कारण नाही. शंका घ्यावी ती बिननावाच्या घटकांवर. ‘चिकन मील’ म्हटले की प्राणी कळतो; नुसते ‘मांस मील’ किंवा ‘प्राणिजन्य चरबी’ म्हटले की कळत नाही. युरोपात ‘मांस व प्राणिजन्य पदार्थ’ असे गटाचे नाव छापायला परवानगी आहे आणि अशा नावाआड प्रत्येक खेपेला माल बदलू शकतो. एखाद्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

धान्य हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, हा समजही टिकत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात लांडग्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या दोन, तर कुत्र्यांमध्ये ४ ते ३० प्रती आढळल्या. माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा पिष्ट पचवायला शिकला. उलट जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर, बटाटा यांवर भर असलेले खाद्य आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा विकार यांच्या संबंधाचा तपास जाहीर केला. कार्यकारण सिद्ध झालेले नाही. नवी ठोस माहिती मिळेपर्यंत निवेदने थांबवत असल्याचे प्रशासनाने डिसेंबर २०२२मध्ये कळवले. तरीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय केवळ फॅशन म्हणून धान्य टाळू नये.

घटकसूचीशेजारी पृथक्करणाचा तक्ता असतो. दोन्ही एकत्र वाचावे लागतात. समजा, तक्त्यात प्रथिने किमान २० टक्के, चरबी किमान १० टक्के, तंतू कमाल ५ टक्के, ओलावा कमाल १० टक्के आहे. ओलावा वजा करून, म्हणजे २० भागिले ०.९ केले, की प्रथिने २२.२ टक्के येतात. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना ‘आफ्को’ (स्थापना १९०९) हिच्या ओलावा वगळून मोजलेल्या निकषात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ आणि पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिने लागतात. म्हणजे हे खाद्य प्रौढ कुत्र्याला चालेल, पिल्लाला किंचित कमी पडेल. राख, म्हणजे खनिजे, ८ टक्के धरून १००तून तक्त्यातले सगळे आकडे वजा केल्यास उरलेले ४७ टक्के ढोबळमानाने कर्बोदके असतात. हा आकडा पाकिटावर सहसा छापत नाहीत. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झाले तर हाडे वेडीवाकडी वाढतात, म्हणून आफ्कोने त्यांच्यासाठी १.८ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. आफ्को स्वतः कोणतेही खाद्य तपासत किंवा मंजूर करत नाही. ‘आफ्को मान्यताप्राप्त’ असे कोणी छापत असेल तर ते चूक आहे.

प्रथिनांच्या आकड्यालाही फसवता येते, हे २००७ साली फार मोठी किंमत मोजून कळले. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात. चीनहून अमेरिकेत आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हाच्या प्रथिनात, मेलामाईन हे प्लॅस्टिक बनवायला वापरायचे रसायन मिसळलेले निघाले. मेलामाईनमध्ये वजनाच्या दोनतृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे तपासणीत प्रथिने भरपूर दिसली. मेलामाईन आणि त्याच्यासोबत आलेले सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडात साठून कुत्री-मांजरी दगावली आणि मार्चपासून अनेक ब्रँडचा माल परत मागवावा लागला. त्या पाकिटांवरची घटकसूची वाचून कोणालाही काही कळले नसते. म्हणून खाद्याचे सूत्र कोणी ठरवले, कारखाना कोणाचा, कच्चा माल कुठे तपासतात, हे कंपनीला विचारावे आणि उत्तर टाळणाऱ्या कंपनीचे खाद्य घेऊ नये.

भारतात ही दक्षता आणखी लागते, कारण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. मोठे पोते फोडून किलोवर सुटे विकलेले खाद्य घेताना तर यादी, तारीख, बॅच क्रमांक यांतले काहीच हाती येत नाही. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत उघड्या पोत्यातल्या दाण्यांना ओल लागून बुरशी धरते आणि वर फवारलेली चरबी खवट होते. ताज्या दाण्यांना भाजल्यासारखा वास येतो, खवट झालेल्यांना जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्याचा. असे खाद्य कुत्रा हुंगून बाजूला होतो आणि घरातले त्याला ‘नखरे’ म्हणतात. दाणे प्लॅस्टिकच्या डब्यात ओतण्याऐवजी मूळ पाकिटासकट डब्यात ठेवावेत: डब्याच्या भिंतीला जुनी चरबी चिकटत नाही, आणि कंपनीने माल परत मागवला तर ताडून पाहायला बॅच क्रमांक जवळ राहतो.