रेडिओ सर्वेक्षणातील स्रोतशोधक सॉफ्टवेअर

रेडिओ दुर्बिणीच्या प्रतिमेतला गोंगाट बाजूला सारून खरे स्रोत (रेडिओ लहरी सोडणाऱ्या खगोलीय वस्तू) वेचणारी आणि त्यांची जागा, तीव्रता व आकार यांची यादी देणारी संगणकप्रणाली. पायबीडीएसएफ, एजियन, सेलाव्ही ही त्यांतली प्रचलित नावे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर झालेल्या १५० मेगाहर्ट्‌झच्या टीजीएसएस या आकाश-सर्वेक्षणातले सुमारे ६.२ लाख स्रोत पायबीडीएसएफने वेचले आहेत. या प्रतिमा खुल्या असल्याने गडचिरोली किंवा मेळघाटातल्या महाविद्यालयातही साध्या लॅपटॉपवर हे काम जमते. ३००० × ३००० पिक्सेलची फिट्स (खगोलीय प्रतिमांच्या प्रचलित स्वरूपातली) फाइल जेमतेम ३६ एमबीची भरते. मात्र भारनियमनात तुटलेले डाऊनलोड जिथे थांबले तिथून पुढे नेता येईल अशी सोय वापरावी. अर्धवट फाइल कधी कधी उघडते आणि वरचा भाग कोरा दाखवते.

प्रणाली आधी सरकत्या चौकटीत ठिकठिकाणचा गोंगाट, म्हणजे सिग्मा, मोजते. मग वैनगंगेच्या पुरात टेकाडे तेवढी वर उरावीत तशी ठरावीक पातळीवरची ‘बेटे’ वेगळी काढते. पायबीडीएसएफमध्ये शिखर, म्हणजे बेटातला सर्वांत तेजस्वी पिक्सेल, ५ सिग्मावर आणि बेटाची कड ३ सिग्मावर धरण्याची प्रथा आहे; टीजीएसएसच्या यादीसाठी ७ सिग्माची कडक अट होती. शिखरालाही ३ सिग्मा चालवून घेतले, तर वरच्या आकाराच्या प्रतिमेत निव्वळ गोंगाटाचे बारा हजारांवर पिक्सेल पातळी ओलांडतात. ५ सिग्माला दोन-तीनच. शेवटी प्रत्येक बेटावर गाऊसीय (घंटेच्या आकाराचे) वक्र बसवले जातात.

बिघडते ते बहुधा चौकटीच्या मापात. चौकट लहान पडली तर पसरट स्रोतच गोंगाट समजला जाऊन गळतो. मोठी झाली तर प्रखर स्रोताभोवतीच्या खोट्या कड्या यादीत शिरतात. म्हणून आधी एक अंशाचा तुकडा कापून माप ठरवावे आणि सिग्माचा नकाशा डोळ्यांनी पाहावा. खोट्यांचा अंदाज घ्यायला प्रतिमेचे चिन्ह उलटे करून तीच प्रक्रिया पुन्हा चालवतात: रेडिओ स्रोत सहसा ऋण नसतात, त्यामुळे तिथे सापडेल ते जवळपास सगळे खोटेच.

दोन पाळ्यांची, म्हणजे दोन बाजूंना रेडिओ-तेजस्वी फुगवटे असलेली, रेडिओ दीर्घिका यादीत दोन-तीन ओळींत विखुरते. ती जोडायला अजून माणसाची नजरच भरवशाची. फाइलच्या शीर्षात बीमचे (प्रतिमेत बिंदुवत स्रोत जेवढा पसरट दिसतो त्या ठिपक्याचे) माप नसेल किंवा चुकीचे असेल, तर एकूण तीव्रताही चुकते. टीजीएसएसचा बीम २५ विकलांचा आहे, पण १९ अंश क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) दक्षिणेला तो लांबत जातो. तिथेही गोलच बीम धरला, तर बिंदुवत स्रोत ताणलेले भासतात.