पियानोची घडण : मुलांना करून द्यायची ओळख

पियानो कसा बनतो हे वाद्य उघडून आणि त्याचे भाग हाताळू देऊन मुलांना समजावण्याची रीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पियानो क्वचितच पाहायला मिळतो. खानदेशातल्या मुलांच्या ओळखीची असते ती भजनी मंडळाची पेटी. त्यामुळे सुरुवात पेटीपासूनच करावी. दोन्हींच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी सारखी, पोट मात्र निराळे. पेटीत भात्याची हवा पितळी पात्याला कंप देते. पियानोत नमद्याने, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीने, मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि बोट पट्टीवर असतानाच मागे फिरते.

ही माघार म्हणजे पियानोचा प्राण. हातोडी तारेला टेकून राहिली तर नाद जागीच विरतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही युक्ती साधली. त्याने १७२० मध्ये घडवलेला पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जुना उभा पियानो मिळाला तर सोन्याहून पिवळे. पुढची फळी काढून एक पट्टी अगदी सावकाश दाबायला लावावी : हातोडी तारेच्या जवळ जाते आणि तिला न शिवताच परत पडते. जोरात दाबली की सूर उमटतो. पियानो नसेल तर फळीवर दोन खिळ्यांत तार ताणावी, पेन्सिलीने ठोका द्यावा. मग पेन्सिल तारेवरच दाबून धरावी. फरक मुलांच्या कानांना लगेच कळतो.

पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. खर्जातल्या जाड तारांवर तांबे गुंडाळलेले असते. वरच्या सुरांच्या तारा बारीक, म्हणून तिथे एका सुराला तीन तारा. साऱ्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या घरात जातो. तो ओतीव लोखंडाचा सांगाडा पेलतो.

नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो. तो मोठा करते तारांमागची स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची पातळ फळी. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना इथे हमखास प्रश्न पडावा : सागाची का नाही? साग टिकाऊ, पण जड. स्प्रूस हलके असूनही ताठ, त्यामुळे ते तारेबरोबर चटकन थरथरते.

ही फळी हवामानाला फार हळवी. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कोरड्या हवेत ती आकसते आणि सूर उतरतात. पावसाळ्यात ती फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतात. मग एकेक खुंटी किल्लीने किंचित फिरवत सगळा पियानो पुन्हा सुरात लावावा लागतो.